मालकाच्या पोराने भट्टीवर उभं राहणं म्हणजे ‘खालून सुरुवात’ का?

हिशेबनीस (धागाकर्ती)

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना. थोरल्या भावाने, दादाने, उभी केली. अकौंट्स मी बघते. शंभराच्या आसपास माणसं, त्यातली निम्मी ठेकेदाराकडची. पंपाच्या केसिंग आणि ट्रॅक्टरचे काही पार्ट ओततो. भाचा यंदा इंजिनीअर होऊन आला. दादाचं पहिल्यापासून एकच पालुपद, केबिन नंतर, आधी खालून सुरुवात. वाळू, मोल्डिंग (वाळूचे साचे भरणं), भट्टी, फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करणं), डिस्पॅच असं सगळं करत वर्षभराने वर यायचं. पगार हेल्परचा.

ऐकायला झकास आहे. घरात सगळ्यांनी माना डोलावल्या, वहिनीने तर भावकीत सांगूनही टाकलं. प्रत्यक्षात काय चाललंय ते मी ऑफिसच्या काचेतून बघते. पहिल्याच दिवशी मोल्डिंग लाइनवर कुणीतरी स्टोअरमधली प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. त्याने नको म्हणून सांगितलं, तरी ती अजून तिथून हललेली नाही. बाकीच्यांचा चहा कागदी कपात, याचा ऑफिसातल्या कपबशीत. पोरगा वाईट नाही. मुद्दाम त्यांच्यात खाली मांडी घालून बसतो, पण तो बसला की बाकीचे उठून उभे राहतात. फेटलिंगला पोरं नाकाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवतात, तिथे याच्यासाठी एक्झॉस्टजवळची जागा आपोआप रिकामी झाली. मस्टरवर हेल्पर, तोंडावर ‘धाकटे मालक’, आणि संध्याकाळी घरी जायला स्वतःची गाडी.

याचा काही उपयोग असतो का? की हा आपल्याच मनाच्या समाधानाचा कार्यक्रम? कुणी स्वतः यातून गेलं असेल किंवा असा कुणी तुमच्या हाताखाली आला असेल तर लिहा. ‘पोरावर संस्कार चांगले आहेत’ छापाचे प्रतिसाद नकोत, ते घरी भरपूर मिळालेत.

पंचगंगाकाठ

ताई, नाद खुळा दादा तुमचा. आमच्या शेजारच्या शेडमध्ये पोरगं कॉलेजातनं आलं ते थेट डायरेक्टर. व्हिजिटिंग कार्ड आधी छापलं, कारखाना मागनं बघितला. त्यापेक्षा ह्ये लई बरं. खुर्चीचं काय घेऊन बसलाय.

शिफ्ट_इनचार्ज

उभा जन्म फौंड्रीत गेला. आधी गोकुळ शिरगाव, मग बेळगाव, आता पुण्याजवळ. मालकांची पोरं हाताखाली आली, त्यातली काही चांगली निघाली. खुर्ची, कपबशी यात अडकू नका, ते कधीच जात नाही. मी वेगळंच बघतो.

त्याला कुणी झापतं का? मोल्डिंगला हेल्परने वाळूत पाणी जास्त मारलं की मिस्त्री सात पिढ्यांचा उद्धार करतो. हे चांगलं आहे असं माझं म्हणणं नाही. पण तो हेल्पर दुसऱ्या दिवशी न सांगता वाळू मुठीत दाबून बघतो. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, त्यावर बोटांचे ठसे दिसले पाहिजेत, आणि मधून मोडला तर स्वच्छ कडेने मोडला पाहिजे. तळव्याला चिकटली तर पाणी जास्त, गोळा ढासळला तर कमी. लॅब मॉइश्चरचा आकडा देते, साडेतीन टक्के का चार, पण तो कागद खाली येईपर्यंत कितीतरी बॉक्स भरून झालेले असतात. मुठीचं हे ज्ञान इंजिनीअरिंगच्या पोराला पुस्तकात वाचून ठाऊक असतं, हाताला नसतं. आणि हाताला ते येतं ते बोलणी खाऊन. धाकट्या मालकाला बोलणार कोण?

दुसरं म्हणजे, माणसं त्याच्यासमोर बोलतात का? कुठल्या बॉक्सच्या पिना झिजल्यात, कुठला सुपरवायझर टेंपरेचर न घेताच रजिस्टरमध्ये १४०० लिहितो, ठेकेदार किती माणसं कमी पाठवून पूर्ण हजेरी लावतो, हे सगळं जेवणाच्या सुट्टीत कळतं. धाकटे मालक डबा घेऊन बसले की विषय लगेच आयपीएल. त्याला वाटतं आपण खालून कारखाना बघतोय. खरं तर मालकासमोर माणसं कशी वागतात एवढंच त्याला दिसत असतं.

माझं ऐकाल तर त्याला जिथे कुणी ओळखत नाही तिथे पाठवा. बेळगाव, कोईम्बतूर, राजकोट, फौंड्र्यांना तोटा नाही. जुन्या व्यापारी घराण्यांत पोराला आधी दुसऱ्याच्या पेढीवर ठेवायचे ते उगाच नव्हे.

जुनीपानं

चांगला धागा. इतिहासातली दोन-तीन उदाहरणं घालतो.

जेआरडी टाटा १९२५ मध्ये टाटा सन्समध्ये बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. हे वाक्य प्रत्येक प्रेरणादायी भाषणात येतं. पुढचं वाक्य येत नाही. १९२६ मध्ये वडील वारले आणि बाविसाव्या वर्षी जेआरडी त्यांच्या जागी संचालक मंडळावर गेले. १९३८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, अध्यक्ष. उमेदवारी खरी होती, पण तिची मुदत आडनावात लिहिलेली होती. रतन टाटा १९६२ मध्ये समूहात आले, जमशेदपूरला कामगारांबरोबर फावड्याने चुनखडी ओढली. ते अध्यक्ष झाले १९९१ मध्ये. म्हणजे त्यांचा जिना बराच लांब होता, हे मान्य करायला हवं.

आता आपल्या भागातलं बघा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, म्हणून नोकरी सोडून बेळगावला सायकलच्या दुकानात उतरले. लोखंडी नांगर काढला तर लोखंडाने जमिनीत विष उतरतं म्हणून शेतकरी हात लावेनात, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी. पुढच्या पिढीत शंतनुराव थेट अमेरिकेत एमआयटीला, १९२६ मध्ये पदवी घेऊन वाडीत परत. त्यांनी धंदा बापापेक्षा कितीतरी मोठा केला, आणि त्यासाठी सायकलचं पंक्चर काढून दाखवा असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

सांगायचं एवढंच की बापाची गरिबी पोराला उसनी देता येत नाही. शिकवायचं ते काम शिकवा, हालांची नक्कल कशाला?

पाचव्या_स्टंपबाहेर

क्रिकेट आल्याशिवाय धागा पुरा कसा होणार? अर्जुन तेंडुलकर. मुंबईच्या संघात जागा मिळेना म्हणून गोव्याकडे गेला, डिसेंबर २०२२ मध्ये रणजी पदार्पणात राजस्थानविरुद्ध १२० ठोकले. बापानेही १९८८ मध्ये रणजी पदार्पणात शतकच केलं होतं. चेंडू आडनाव विचारत नाही हो. कारखान्यात ‘असू द्या साहेब’ चालतं, यॉर्करसमोर चालत नाही.

गिरणगावची

@पाचव्या_स्टंपबाहेर, चेंडू विचारत नाही, पण नेटमध्ये समोर कोण चेंडू टाकतं, बूट कुठले, जखम झाली तर डॉक्टर कोण, हे सगळं आडनावच ठरवतं. शतक त्याचं, वाद नाही. एका राज्यात जमेना तर दुसऱ्या राज्यात जाऊन बघू म्हणायची ऐपत किती पोरांची असते?

मूळ विषयावर. माझे आजोबा लालबागला गिरणीत बदली कामगार होते. तरुण मंडळींना बदली म्हणजे ट्रान्सफर वाटेल. बदली म्हणजे कायम कामगार रजेवर असेल त्या दिवशी त्याच्या जागी उभा राहणारा. हातात बदली पास, पाळी सुरू व्हायच्या आधी दारावर हजर, आत किती साचे, म्हणजे माग, रिकामे आहेत ते जॉबर (कामगार भरणारा मुकादम) बघणार आणि हाक मारणार. नाव नाही आलं तर घरी, पैसे नाहीत. आजोबांची अशी कितीतरी वर्षं गेली. पुढे कायम झाले, आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार होते. त्यातल्या पुष्कळांसारखे आमचे आजोबा परत आत गेलेच नाहीत.

आजोबा कधी ‘मी खालून सुरुवात केली’ म्हणाल्याचं मला आठवत नाही. ही भाषा वर पोचलेल्याची आहे. जो खालीच राहिला त्याची ती सुरुवात नसते, ते त्याचं काम असतं. दादांनी पोराला भट्टीवर जरूर पाठवावं, पण त्याला ‘शिकतोय’ म्हणा. खालून-बिलून नको.

(एक राहिलं. आजोबांना गिरणीत चिकटवलं ते गावच्याच जॉबरने. वशिला तिथेही होताच, फक्त तो बदलीच्या रांगेपर्यंतच पोचवायचा.)

वॉर्डातला

गिरणगावची, तुमच्या शेवटच्या ओळीवरून लिहितोय. एरवी नुसता वाचक असतो.

इथे सगळे वारसा म्हणजे केबिन धरून चाललेत. आमच्यातही वारसा हक्क आहे. लाड-पागे समितीचं नाव किती जणांनी ऐकलंय माहीत नाही. महाराष्ट्रात सफाई कामगार निवृत्त झाला, वारला, की त्याच्या वारसाला त्याच कामावर घेतात. माझे आजोबा नगरपालिकेत, वडील नगरपालिकेत, मी नगरपालिकेत. मी एम.कॉम. आहे. ऑर्डर आली ती सफाई कामगार म्हणूनच. घेतली, कारण कायम नोकरी आहे, पगार वेळेवर होतो, आणि आईच्या डोक्यावरचं क्वार्टर टिकलं. नाकारणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही.

पहाटे बीटवर असतो. हातगाडी, खराटा, फावडं. गटारीतला गाळ काढून कडेला ओढायचा, थोडं पाणी निथळलं की भरायचा, निथळू दिलं नाही तर गाडी ओढवत नाही. हे मला वडिलांनी सांगितलं, त्यांना आजोबांनी. तेव्हा कामाचं ज्ञान बापाकडून पोराकडे येतं ते फक्त उद्योगपतींच्या घरात असं समजू नका.

गंमत अशी की आमच्या वारशाला लोक ‘फुकटची नोकरी’ म्हणतात, परीक्षा न देता मिळाली म्हणून. फौंड्रीच्या वारशाला कुणी परीक्षा विचारत नाही.

पंचगंगाकाठ

दादा, बोललात त्ये खरं. मी वर उगं चेष्टेत लिहून गेलो.

शिफ्ट_इनचार्ज

@वॉर्डातला, गाळ निथळू द्यायचं वाचून बरं वाटलं. लिहीत जा.

आयटीआय_पासआउट

इनचार्ज साहेब, तुमच्या सल्ल्यातली एक गोष्ट खटकली. भाच्याला ओळख लपवून कोईम्बतूरला पाठवा म्हणता. तिथे ट्रेनीची जागा काय झाडाला लागते? ती कुणाची तरी असते. मी मशिनिस्ट ट्रेड केला. अप्रेंटिसशिप कायद्याने मिळाली, १९६१ चा कायदा आहे. ती संपली तेव्हा हातात सर्टिफिकेट दिलं आणि ‘कळवू’ म्हणाले. अजून कळवतायत. माझ्या बॅचला एक मुलगा होता, वडिलांची स्वतःची मशिनशॉप. त्याला ‘एक्सपोजर’ हवं होतं म्हणून त्याने आमच्यातली एक सीट अडवली. मुलगा मनमिळाऊ होता, डबा वाटून खायचा. पण सीट गेली ती गेलीच. श्रीमंताच्या पोराने आपल्या घरच्या भट्टीवर नाटक केलेलं परवडलं, निदान कुणाची जागा खात नाही.

शिफ्ट_इनचार्ज

मुद्दा बरोबर आहे. पाठवायचंच असेल तर बिनपगारी आणि मंजूर जागेच्या बाहेर पाठवावं. मालक-मालक एकमेकांना ओळखतात, सोय होते. पण मग ओळख लपत नाही, हेही खरं.

सासवडची

मी बराच वेळ वाचतेय. हिशेबनीस ताई, तुम्ही कुठून सुरुवात केलीत ते काही लिहिलं नाहीत. फौंड्री तुमच्या भावाने काढली तेव्हा तुम्ही कुठे होता?

हिशेबनीस (धागाकर्ती)

@सासवडची, हा प्रश्न येणार हे वाटलंच होतं. बी.कॉम. झाल्यावर ‘तोवर जरा वह्या बघ’ म्हणून बसवलं. तोवर म्हणजे लग्न होईपर्यंत. लग्न गावातच झालं, वह्या सुटल्या नाहीत, टॅली आलं, जीएसटी आला, मी तिथेच. मला कुणी खालून सुरुवात कर म्हणालं नाही, कारण वर जायचा प्रश्नच नव्हता. तक्रार म्हणून नाही सांगत, तुम्ही विचारलंत म्हणून. दादाने पगारात कधी हात आखडला नाही. भागीदारीच्या कागदावर मात्र वहिनीचं नाव आहे.

आता या आठवड्यातली हकिकत. केसिंगचा एक लॉट ग्राहकाकडे मशिनिंगला गेला आणि तिथे ब्लोहोल उघडे पडले. बाहेरून कास्टिंग देखणं, एक कट घेतला की आत भोकं. डेबिट नोट, म्हणजे ग्राहकाने पैसे कापल्याचा कागद, माझ्या टेबलावर येते, त्यामुळे चूक कुणाची हे मला नेहमीच सगळ्यात शेवटी आणि रुपयांत कळतं. शिफ्ट काढून बघितली. वाळू भाच्याकडे होती त्या रात्री. पाणी जास्त झालं असणार.

दादा खाली गेला, तोवर मिस्त्रीने सांगून टाकलं होतं, ‘माझ्याकडनं झालं मालक, बघायचं राहिलं.’ दादाने त्याला सगळ्यांसमोर वाट्टेल ते सुनावलं. भाचा तिथेच उभा, गप्प. संध्याकाळी माझ्याकडे आला, ‘आत्या, मी बोलणार होतो.’ म्हटलं, उद्या बोल, तिथेच जाऊन, त्याच माणसांसमोर. गेला बिचारा. शिफ्ट बदलताना सगळ्यांसमोर म्हणाला, पाणी मी मारलं होतं. तर मिस्त्री हसून म्हणतो, ‘असू द्या की साहेब, शिकताना व्हतंय.’ आणि सगळे आपापल्या कामाला. त्याच लाइनवर गेल्या पावसाळ्यात एका हेल्परचा हाच घोळ झाला होता, त्याला ठेकेदाराने दुसऱ्या दिवसापासून बोलावलं नाही.

शिफ्ट_इनचार्ज

हेच मी म्हणत होतो, फक्त तुमच्या मिस्त्रीने ते माझ्यापेक्षा चांगलं करून दाखवलं. त्याला दोष देऊ नका. उद्याच्या मालकाची चूक अंगावर घेणं ही त्याची बचत आहे, पुढे कधी तरी काढता येईल अशी.

पोरगं बोलायला गेलं हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं. सगळी जात नाहीत.

जुनीपानं

मला तर वाटतं प्रयोग यशस्वी झाला. त्याला वाळू किती समजली माहीत नाही, पण आपली चूक दुसऱ्याने भरताना त्याने डोळ्यांनी पाहिली. केबिनमधून हे दिसलं नसतं.

आयटीआय_पासआउट

हो, आणि त्या धड्याची फी मिस्त्रीने भरली.

गिरणगावची

ताई, एक विचारू? या मिस्त्रीचा मुलगा काय करतो?

हिशेबनीस (धागाकर्ती)

@गिरणगावची, हे विचाराल असं वाटलं नव्हतं. आमच्याकडेच आहे. ठेकेदाराच्या मस्टरवर, फेटलिंगला. डिप्लोमा झालाय त्याचा. भाचा फेटलिंगला महिनाभर होता, तेव्हा एक्झॉस्टजवळची जागा ज्याने सोडली तो हाच. मी बिलं पास करते त्यात त्याचं नाव दर महिन्याला असतं आणि मी ते कधी वेगळं वाचलं नव्हतं.

काल रात्री दादाकडे विषय काढला. म्हटलं, डिप्लोमावाला पोरगा ग्राइंडर किती वर्षं चालवणार, कंपनीच्या मस्टरवर घे. दादा म्हणाला, ‘जागा निघाली की बघू.’ मी म्हटलं, आपल्याकडे इंजिनीअरची जागा निघाली होती का, भाचा आला तेव्हा? वहिनी ताटं उचलायला लागली. दादा चिडला नाही, पण उत्तरही दिलं नाही. ठेकेदाराचं बिल पुढच्या आठवड्यात माझ्याकडे येईल, तेव्हा पुन्हा काढणार आहे.

पंचगंगाकाठ

काढाच ताई. सही करायच्या आधी काढा, नंतर न्हाई.

शिफ्ट_इनचार्ज

डिप्लोमा कशात आहे त्याचा?

हिशेबनीस (धागाकर्ती)

मेटलर्जी.

शिफ्ट_इनचार्ज

अहो मग जागा निघाली की बघू काय? सँड लॅबला माणूस मिळत नाही म्हणून आख्खी शिरोली बोंबलतेय. तुमच्याकडे मॉइश्चर कोण घेतं रात्रपाळीला? कुणीच घेत नसणार, नाहीतर तो लॉट बाहेर गेलाच नसता. त्या पोराला लॅबमध्ये घ्या, कंपनीच्या मस्टरवर. आणि भाच्याला पुढचे सहा महिने त्याच्या हाताखाली द्या. तो वाळू नापास करेल तेव्हा लाइन थांबेल, मग धाकटे मालक असोत नाहीतर थोरले.

हिशेबनीस (धागाकर्ती)

नंबर व्यनि करा. हे दादाला तुमच्या तोंडून ऐकवते, माझं ऐकून तो ताटावरून उठतो.